सडेली : इराणी खातमकारीची मुंबईतली बहीण

लाकडी पेटीच्या झाकणावर हजारो बारीक त्रिकोण एकमेकांना खेटून बसलेले असतात. काळे, तांबडे, पांढरे, हिरवे आणि मधूनच धातूचा चमकणारा ठिपका. लांबून पाहिले तर रंगीत कापड ताणून बसवल्यासारखे वाटते. जवळून पाहिले की कळते, ही रंगवलेली नक्षी नाही. प्रत्येक ठिपका हा वेगळ्या वस्तूचा तुकडा आहे. या कामाला इराणमध्ये ‘खातमकारी’ म्हणतात आणि आपल्याकडे ‘सडेली’. एकोणिसाव्या शतकात हेच काम ‘बॉम्बे बॉक्स’ या नावाने युरोपात पोहोचले होते.

हे काम नेमके कसे करतात, ते शिराझहून मुंबईपर्यंत कसे आले, रत्नागिरीसारख्या दमट किनारपट्टीवर अशा वस्तूंचे काय होते आणि घरात अशी जुनी पेटी असेल तर कोणत्या गोष्टी माहीत असाव्यात, याची ही माहिती.

खातमकारी म्हणजे काय?

लाकडावरच्या सजावटीचे ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतात. पहिला कोरीव काम. यात लाकूड खोदून नक्षी उठवतात. पेशवेकालीन वाड्यांचे खांब आणि महिरपी ही त्याची ओळखीची उदाहरणे. दुसरा जडावकाम. यात लाकडात खाच पाडून तिच्यात दुसऱ्या रंगाचे लाकूड, शिंपला, हाड किंवा धातूची तार बसवतात. म्हैसूरचे शिसवी लाकडावरचे जडावकाम किंवा उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीचे पितळी तारेचे ‘तारकशी’ काम या प्रकारात मोडते.

खातमकारी आणि सडेली हा तिसरा प्रकार. यात मूळ वस्तूवर खाच पाडत नाहीत. नक्षी आधी स्वतंत्रपणे तयार करतात, तिचे पातळ काप काढतात आणि ते काप वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवतात. म्हणजे काटेकोर अर्थाने हे जडावकाम नसून लाकडाचे मोझेइक आहे. तरी बोलण्यात आणि बाजारात त्याला जडावकामच म्हटले जाते.

‘खातमकारी’ या शब्दातला ‘कार’ म्हणजे फारसीत काम. मराठीतले कारखाना आणि कारकून हे शब्दही याच ‘कार’वरून आले आहेत. सडेलीतल्या नक्ष्यांच्या नावांतही फारसी दिसते. चक्कर गुल, तिनकोनिया गुल, चोरस गुल अशी ती नावे आहेत. ‘गुल’ म्हणजे फूल.

अळूवडीचे तंत्र

या कलेचे मर्म अळूवडीवरून चटकन समजते. अळूवडी करताना प्रत्येक वडीवर वेगळे चक्र कोणी काढत बसत नाही. पानांवर पीठ लावून एकच उंडा वळतात. तो उकडून कापला की प्रत्येक वडीत तेच चक्र दिसते. खातमकारीतही नक्षी आडवी मांडत नाहीत, ती उंड्याच्या लांबीत दडवतात. फरक इतकाच, की इथला उंडा लाकूड, हाड आणि धातूचा असतो.

कामाचे टप्पे साधारण असे असतात :

१. काड्या तयार करणे. वेगवेगळ्या रंगांचे लाकूड आणि हाड यांच्या लांब, बारीक काड्या कापतात. कानशीने घासून त्यांना त्रिकोणी आकार देतात. काडीची जाडी एक ते तीन मिलिमीटर असते. पितळेची तारही त्रिकोणी किंवा गोल करून घेतात.

२. जुडी बांधणे. काड्यांना सरस लावून त्या ठरलेल्या क्रमाने एकत्र करतात आणि जुडीभोवती दोरा घट्ट गुंडाळून ती वाळवतात. अशा जुडीच्या टोकाकडे पाहिले की षटकोन किंवा चांदणी दिसते.

३. ठोकळा करणे. अनेक जुड्या शेजारी-शेजारी चिकटवतात, मधल्या फटी त्रिकोणी काड्यांनीच भरतात आणि सगळे दाबाखाली ठेवून एकजीव करतात.

४. काप काढणे. बारीक दातांच्या करवतीने ठोकळ्याचे सुमारे एक मिलिमीटर जाडीचे आडवे काप काढतात. प्रत्येक कापावर तीच नक्षी येते.

५. बसवणे आणि घासणे. काप साग, शिसव किंवा चंदनाच्या पेटीवर चिकटवतात, कडेने पट्ट्या बसवतात आणि पृष्ठभाग घासून सपाट करतात. शेवटी पॉलिश किंवा रोगण देतात.

समजा, ठोकळा तीस सेंटिमीटर लांब आहे. एक मिलिमीटरचा काप आणि करवतीत वाया जाणारे अर्धा मिलिमीटर धरले, तर त्यातून सुमारे २०० काप निघतात. म्हणजे सगळी कसोटी ठोकळा बांधण्याची असते. तिथे एक काडी तिरकी बसली, तर ती चूक दोनशे वेळा दिसते.

त्रिकोणच का?

समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. असे सहा त्रिकोण एका बिंदूभोवती मांडले की ३६० अंश पूर्ण होतात आणि मध्ये फट न राहता षटकोन तयार होतो. त्या षटकोनाच्या सहा बाजूंवर आणखी सहा त्रिकोण ठेवले की सहा टोकांची चांदणी होते. म्हणजे बारा काड्यांत एक चांदणी. शिवाय षटकोन मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे एकमेकांना खेटून कितीही पसरवता येतात. खातमकारीतल्या बहुतेक नक्ष्या या एकाच गणितावर उभ्या आहेत.

कामाची बारकाई मोजायची तर तेही याच गणिताने जमते. त्रिकोणाची बाजू दोन मिलिमीटर असेल, तर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे ५८ त्रिकोण मावतात. बाजू एक मिलिमीटर असेल, तर सुमारे २३०. वीस बाय पंधरा सेंटिमीटरचे झाकण दोन मिलिमीटरच्या त्रिकोणांनी भरले, तर त्यावर सतरा हजारांहून अधिक तुकडे असतात.

शिराझहून मुंबईपर्यंत

इराणमध्ये ही कला सफवी राजवटीत, म्हणजे १५०१ ते १७३६ या काळात, विशेष बहरली. शिराझ आणि इस्फहान ही तिची मोठी केंद्रे. दरवाजे, खिडक्या, आरशांच्या चौकटी, कुराण ठेवायची घडीची चौकी, कलमदाने आणि वाद्ये यांवर हे काम होत असे. पुढे तिला उतरती कळा लागली. विसाव्या शतकात पुन्हा आश्रय मिळाला. १९३०च्या दशकात रझा शहा पहलवीसाठी तेहरानमध्ये बांधलेल्या संगमरवरी महालात एक संपूर्ण दालन खातमकारीने मढवलेले आहे.

भारतात ही कला कशी आली, याविषयी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नोंदींत जो मार्ग सांगितला आहे, तो शिराझ, सिंध, सुरत आणि मुंबई असा आहे. सुरतेत आणि मुंबईत पारशी कारागिरांनी ती मोठ्या प्रमाणावर उचलली. त्यामुळे पारशी लोकांनी इराणातून येतानाच ही कला सोबत आणली, असा समज होतो. पण पारशी समाज गुजरातच्या किनाऱ्यावर उतरला तो सफवी राजवटीच्या कित्येक शतके आधी. त्यांनी ही कला भारतात आल्यावर, व्यापाराच्या वाटेने पोहोचलेल्या कारागिरीतून आत्मसात केली, असे मानणे या कालक्रमाला धरून होते. तिच्या खुणा आडनावांतही राहिल्या. ‘पेटीगरा’ हे पारशी आडनाव पेटी घडवण्याच्या धंद्यावरून आले आहे. मुंबई पोलिसांच्या गुप्तचर विभागाचे पहिले भारतीय उपायुक्त कावसजी जमशेदजी पेटीगरा यांच्यामुळे हे आडनाव मुंबईकरांच्या परिचयाचे झाले.

मुंबई हे बंदर आणि राजधानी असल्यामुळे गिऱ्हाईक बदलले आणि त्याबरोबर वस्तूही बदलल्या. इथे मागणी होती ती साहेबाच्या घरातल्या चीजवस्तूंची : लिखाणाचे उतरते डेस्क, शिवणकामाच्या पेट्या, हातमोज्यांचे डबे, व्हिजिटिंग कार्ड ठेवायच्या चपट्या डब्या. पेटी आतून चंदनाची, बाहेरून सडेलीने मढवलेली आणि कडेला हस्तिदंताची पट्टी, असा तिचा ठरलेला साज. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात मुंबईचे हे काम मांडले गेले आणि ‘बॉम्बे बॉक्स’ हे नाव रूढ झाले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा पेट्या जपून ठेवल्या आहेत. मुंबई इलाख्यातल्या हस्तकलांचे नमुने एकत्र पाहायचे असतील, तर १८७२ साली भायखळ्यात खुले झालेले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय हे जवळचे ठिकाण. त्याच्या उभारणीत सहभागी असलेले जॉर्ज बर्डवुड यांनीच पुढे भारतीय हस्तकलांवरच्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या जडावकामाची नोंद केली.

रत्नागिरीचा किनारा आणि शिंगकाम

इराण आणि कोकण यांचा संबंध मुंबईपेक्षा जुना आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळात पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. होर्मुझ आणि इराणी आखाताशी त्याचा नियमित व्यापार चाले. पंधराव्या शतकात भारतात फिरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजात बसला तो दाभोळलाच. घोडे, कापड आणि मसाल्यांबरोबर शब्द, चवी आणि आवडीनिवडीही या वाटेने ये-जा करत होत्या.

सडेलीचे काम मात्र सुरत आणि मुंबईत रुजले. रत्नागिरीच्या भागात नाव झाले ते शिंगकामाचे. विजयदुर्ग परिसरात गव्याच्या शिंगापासून शोभेच्या वस्तू घडवत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीविषयीचा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हा धंदा चालू होता. शिंगाला खोबरेल तेल लावून ते विस्तवावर शेकले की मऊ होते आणि हवा तसा आकार घेते, हे तिथल्या कारागिरांचे तंत्र. विजयदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर ते तिकडे गेले.

शिंगकाम आणि सडेली या दोन्ही कलांचे दैव पुढे एकाच गोष्टीने ठरले. दोन्ही प्राण्यांच्या अवयवांवर अवलंबून होत्या.

साहित्य : तेव्हाचे आणि आताचे

जुन्या सडेलीत काळ्या रंगासाठी अबनूस, तांबड्यासाठी पतंगाचे लाकूड, पांढऱ्यासाठी हस्तिदंत, हिरव्यासाठी रंगवलेला हस्तिदंत, तपकिरीसाठी सांबरशिंग आणि चमकेसाठी कथलाची तार वापरत. इराणी कामात उंटाचे हाड, पितळेची तार आणि संत्रे, बोर अशा झाडांचे लाकूड असे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चित्र पालटले. गव्याला कायद्याचे कडक संरक्षण मिळाले. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. सांबरशिंगांचा व्यापारही थांबला. शिसवाच्या जातीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. चंदनाची तोड आणि वाहतूक तर आधीपासूनच सरकारी परवान्याखाली आहे.

या बंदीमागचे कारण साधे आहे. हस्तिदंतासाठी हत्ती मारले जात होते. कलेने त्यावर उत्तर शोधले ते साहित्य बदलून. आज पांढऱ्यासाठी उंटाचे किंवा म्हशीचे हाड किंवा अ‍ॅक्रिलिक, काळ्यासाठी रंगवलेले लाकूड, चमकेसाठी अ‍ॅल्युमिनियम किंवा पितळ वापरले जाते. नक्षीचे गणित तेच राहिल्यामुळे साहित्य बदलूनही कामाची ओळख पुसली जात नाही.

कोकणातल्या लाकडांतही रंगांची कमतरता नाही. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळेधमक असते, पुढे उन्हा-हवेने तपकिरी होते. शिसवाला जांभळट काळी झाक असते. काळ्या कुड्याचे लाकूड, नावात काळा असला तरी, जवळजवळ पांढरे असते. नारळाच्या जुन्या खोडात गडद रेषा सापडतात आणि करवंटी घासली की काळसर तपकिरी चकाकते. लाकडाचा नैसर्गिक रंग वापरला, तर तो रंगवलेल्या लाकडासारखा घासताना निघून जात नाही.

पावसाळा : सडेलीचा खरा शत्रू

लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. पण ते सगळ्या दिशांना सारखे फुगत नाही. धाग्याच्या लांबीत फरक नगण्य असतो, आडव्या दिशेत मात्र चांगलाच. सडेलीचा काप आडवा काढलेला असल्यामुळे त्यातला लाकडाचा प्रत्येक तुकडा पृष्ठभागाच्या दोन्ही दिशांना फुगायला पाहतो. शेजारचे हाड फारसे हलत नाही, धातू ओलीने अजिबात फुगत नाही आणि खालची फळी आपल्याच रीतीने वाढते. ही ओढाताण सहन करायची जबाबदारी येते ती मधल्या सरसावर. सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला असतो आणि ओल लागली की तो मऊ पडतो.

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर हवा सतत दमट असते. त्यामुळे अशा पेटीचे तुकडे बहुधा पावसाळ्यात सैल होतात आणि दिवाळीनंतर हवा कोरडी पडल्यावर गळून पडतात. पेटी एसीच्या खोलीतून दमट खोलीत अशी वारंवार हलवली, तर नुकसान आणखी लवकर होते.

निगा राखताना पुढील गोष्टी पाळाव्यात :

- पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नये. एकाच खोलीत, बंद कपाटात ठेवावी. हवा जितकी स्थिर तितके चांगले.
- पावसाळ्यात कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मात्र वाळवण्यासाठी पेटी उन्हात ठेवू नये.
- ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकावी. फडक्याचे धागे सैल तुकड्यांत अडकून ते उपटले जातात.
- खोबरेल किंवा दुसरे कोणतेही तेल लावू नये. ते फटींत शिरते, धूळ धरते आणि पुढे नवे तुकडे चिकटू देत नाही.
- गळालेले तुकडे फेकू नयेत. लहान पाकिटात घालून पेटीतच ठेवावेत. कितीही लहान तुकडा असला तरी दुरुस्तीत तो जागेवर बसवता येतो.
- घरच्या घरी झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. सरस ऊब आणि ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, हा गोंद सोडवता येत नाही. एकदा वाकडा बसलेला तुकडा मग कायमचा वाकडा राहतो.

खरे, छापील आणि बेकायदा

बाजारात सडेलीसारख्या दिसणाऱ्या पेट्या स्वस्तात मिळतात. त्यांतल्या बऱ्याच पेट्यांवर नक्षी छापलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. साध्या भिंगाने फरक कळतो. खऱ्या कामात दोन त्रिकोणांमध्ये सरसाची बारीक रेघ दिसते, लाकडाची छिद्रे दिसतात, धातू प्रकाशात वेगळा चमकतो आणि कुठेतरी एखादी काडी किंचित तिरकी असते. छापील नक्षीत प्रत्येक चांदणी हुबेहूब सारखी असते आणि भिंगाखाली शाईचे ठिपके दिसतात. पेटीच्या कडा हीही चांगली खूण आहे. पापुद्रा तिथेच आधी सुटतो.

पांढरा भाग हाडाचा की हस्तिदंताचा, हेही भिंगाने बऱ्याचदा कळते. हाडावर बारीक काळसर ठिपके किंवा रेषा दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्यांच्या खुणा असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी असते. सडेलीच्या तुकड्यांत ती दिसणे अवघड, पण कडेच्या रुंद पट्ट्यांच्या टोकाशी दिसू शकते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात; त्याने वस्तू खराब होते, म्हणून तो प्रयोग टाळावा.

हा फरक ओळखण्याला कायदेशीर महत्त्व आहे. भारतात हस्तिदंताच्या वस्तूची खरेदी-विक्री गुन्हा आहे. वस्तू शंभर वर्षे जुनी असली तरीही. अशी वस्तू वारशाने आली, तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसे जाहीर करावे लागते. त्यामुळे आजीची पेटी ‘अँटिक’ म्हणून ऑनलाइन विकायला काढण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

जगातली भावंडे

नक्षीचा ठोकळा बांधून त्याचे काप काढायची युक्ती वेगवेगळ्या देशांत वापरली गेली. जपानमधल्या हाकोने इथे ‘योसेगी’ कामात रंगीत लाकडांचा ठोकळा रंध्याने तासून कागदाइतके पातळ पापुद्रे काढतात. इंग्लंडच्या टनब्रिज भागात १८३० च्या सुमारापासून लाकडी काड्यांच्या जुडीतून फुले-पानेच काय, इमारतींची चित्रेही तयार करत. स्पेनमधल्या ग्रॅनाडात ‘तारासेआ’ हे काम अरबी परंपरेतून आले. काश्मीरचे ‘खातमबंद’ नावाने जवळचे वाटते, पण ते वेगळे आहे. त्यात लाकडाच्या भौमितिक फळ्या एकमेकींत अडकवून छत तयार करतात. काप काढत नाहीत.

आजची स्थिती

इराणमध्ये खातमकारी आजही जिवंत धंदा आहे. शिराझ आणि इस्फहानच्या बाजारात खातमच्या चौकटी, डबे आणि बुद्धिबळाचे पट मिळतात. काड्या कापायला आणि काप काढायला आता विजेची यंत्रे आहेत, जुडी मात्र हातानेच बांधावी लागते.

मुंबईतला सडेलीचा व्यवसाय जवळजवळ नामशेष झाला आणि सुरतेत तो करणारी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. यामागे केवळ हस्तिदंतबंदी नाही. छापील नक्कल काही मिनिटांत तयार होते, खरी पेटी आठवड्यांच्या मेहनतीने. आणि दुकानाच्या काचेआड दोन्ही सारख्याच दिसतात. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही, तर कारागिराला त्याचा मोबदला मिळत नाही आणि मुलगा धंदा सोडून देतो. म्हैसूरच्या शिसवी जडावकामाला भौगोलिक मानांकनाची ओळख मिळाली आहे. अशी ओळख उपयोगी पडतेच, पण तिच्या जोडीला भिंग घेऊन पाहणारे गिऱ्हाईक लागते.